एकदा तरी दुसऱ्यांदा चालवून बघा: प्लॅटफॉर्म टीमला खुलं पत्र

प्लॅटफॉर्म टीमच्या समस्त मंडळींना नमस्कार,

हे पत्र आमच्या ऑफिसातल्या टीमसाठी लिहायला घेतलं होतं, पण लिहिता लिहिता लक्षात आलं की जिथे जिथे कंपनीचा स्वतःचा ग्रेडल प्लगिन (ग्रेडल म्हणजे कोड कंपाईल करून, टेस्ट चालवून तयार प्रोग्रॅम बांधणारं टूल, प्लगिन म्हणजे त्याला लावायचा जोडभाग) आहे आणि तो सांभाळायला दोन-अडीच माणसं आहेत (अर्धा माणूस म्हणजे तो जो "वेळ मिळेल तसं बघतो"), तिथे सगळीकडे हेच चालू असणार, म्हणून मग उघडच टाकते आहे.

भांडायला आलेली नाहीये. म्हणजे थोडंसं भांडण आहे, पण आधी कबुली देते की मी स्वतः दीडेक वर्ष असाच एक प्लगिन सांभाळलाय, आणि आज तुम्हाला ज्या चुका दाखवणार आहे त्यातल्या निम्म्या मी स्वतःच्या हाताने केलेल्या आहेत. त्यामुळे तुमचं दुखणं मला माहीत आहे. प्लगिन चालला तर कुणाला आठवणसुद्धा येत नाही की असं काही आहे म्हणून, आणि अडकला की एकाच वेळी सगळ्या टीम चॅटवर तुमच्या दारात उभ्या.

तर झालं असं. मागच्या महिन्यात प्लगिनची नवीन व्हर्जन आली, रिलीज नोटमध्ये एकच ओळ, "बिल्डची माहिती जारमध्ये टाकायची सोय केली". जार म्हणजे जावाचा कोड बांधून तयार झालेली फाईल. छान. आम्ही व्हर्जन बदलली, बिल्ड हिरवी, सगळे खूश. दोन दिवसांनी माझ्या टीममधला एक जण म्हणाला की माझा लॅपटॉप स्लो झालाय का गं, मी एक ओळ बदलली तरी सगळ्या मॉड्यूलच्या टेस्ट परत चालतात. मग दुसरा म्हणाला माझंही तसंच होतंय, मग तिसरा. एका अक्षराचाही कोड न बदलता बिल्ड परत दिली तरी तेच, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दीड मिनिटात होणारं काम वीस मिनिटांवर गेलं होतं आणि आम्ही सगळे आपापल्या मशीनला शिव्या देत बसलो होतो.

कारण शोधायला मला अर्धा दिवस लागला. प्लगिनचं एक टास्क, म्हणजे बिल्डमधलं एक काम, रिसोर्स फोल्डरमध्ये एक प्रॉपर्टीज फाईल लिहीत होतं, तिच्यात व्हर्जन, ब्रँच, आणि बिल्ड कधी झाली ती वेळ, सेकंदासकट. वेळ प्रत्येक बिल्डला वेगळी, म्हणजे फाईल वेगळी, म्हणजे जार वेगळा. जावाचं कंपाईल त्यातून वाचलं कारण ग्रेडल कंपाईलसाठी दुसऱ्या मॉड्यूलचा फक्त बाहेरून दिसणारा भाग बघतं, आतली रिसोर्स फाईल बदलली तर त्याला फरक पडत नाही. पण टेस्ट चालवताना पूर्ण रनटाइम क्लासपाथ, म्हणजे कोड चालताना लागणारे सगळे क्लास आणि फायली, बघितला जातो, त्यात ही फाईल आली, आणि सगळ्यात खालच्या कॉमन मॉड्यूलवर अवलंबून असलेल्या प्रत्येक मॉड्यूलच्या टेस्ट दर वेळी शिळ्या ठरल्या. एक तारीख लिहायच्या हौसेपायी एवढा सगळा खेळ.

आणि हे तुमच्या टेस्टमध्ये का सापडलं नाही ते मी रेपो (तुमच्या कोडचा साठा) उघडून बघितलं. टेस्ट होत्या, नाही असं नाही. पण प्रत्येक टेस्ट बिल्ड एकदाच चालवत होती. फाईल तयार झाली का? झाली. आत व्हर्जन बरोबर आहे का? आहे. पास.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की बिल्ड टूलचा प्लगिन पहिल्यांदा चालला याला फारसा अर्थ नसतो, तो दुसऱ्यांदा काय करतो ते बघायचं असतं. बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमनने 1976 मध्ये मेक लिहिलं तेव्हापासून या सगळ्या टूल्सचं मूळ वचन तेच आहे, जे बदललं नाही ते परत करायचं नाही. नुसतं सगळं पहिल्यापासून करायचं असतं तर एक शेल स्क्रिप्ट पुरली असती की, एवढा पसारा कशाला हवा होता. तेव्हा जो प्लगिन दुसऱ्या रनला सगळं परत करतो तो टूलचा मूळ उद्देशच मोडतो, आणि वाईट म्हणजे हिरव्या खुणेच्या आड मोडतो.

आता दुसऱ्यांदा चालवायचं म्हणजे नक्की काय ते सांगते. टेस्टकिट, म्हणजे टेस्टमधून खरी ग्रेडल बिल्ड चालवायचं साधन, तुमच्याकडे आहेच, जावा-ग्रेडल-प्लगिन लावला की ते टेस्टच्या क्लासपाथवर आपोआप येतं. टेम्पररी फोल्डरमध्ये दोन फाइल्सचा छोटासा प्रोजेक्ट लिहायचा, ग्रेडल रनरला तो फोल्डर आणि टास्कचं नाव द्यायचं, बिल्ड म्हणायचं. इथपर्यंत तुम्ही करताच. आता तीच ओळ खाली कॉपी करा आणि दुसऱ्या रिझल्टमध्ये त्या टास्कचा आउटकम अप-टू-डेट (काही बदललं नाही म्हणून परत चाललंच नाही) आहे का ते तपासा. सक्सेस (म्हणजे टास्क परत चाललं) आला तर टेस्ट लाल झाली पाहिजे. हो, सक्सेस आला तर लाल, हे पहिल्यांदा लिहिताना जरा विचित्र वाटतं पण सवय होते. मग तिसऱ्यांदा, यावेळी मध्ये एक इनपुट फाईल बदला, आता सक्सेस यायला हवा. या तीन रन एका टेस्टमध्ये आल्या की टास्कचं निम्मं चारित्र्य कळतं.

तिसरी रन वगळू नका, कारण उलटा दोष जास्त घातक आहे. टास्क उगाच परत चालला तर वेळ जातो, माणूस चिडतो, तक्रार करतो. पण टास्क चालायला हवा होता आणि चाललाच नाही तर कुणाला काही कळतच नाही, जुनाच माल पुढे जातो. तुमच्याच प्लगिनमध्ये टेम्प्लेट फाइलचा पाथ साध्या स्ट्रिंगसारखा इनपुट म्हणून घेतलेला होता, म्हणजे ग्रेडल बघत होतं की पाथ बदलला का, आतला मजकूर बदलला का ते बघतच नव्हतं. आमच्या एका मैत्रिणीने टेम्प्लेटमधला मजकूर सुधारला, बिल्ड दिली, अप-टू-डेट, आणि जुना मजकूर तसाच गेला टेस्टिंगला. इनपुट आणि इनपुट-फाईल या दोन ॲनोटेशनमधला, म्हणजे कोडवर लावायच्या खुणांमधला, फरक एका शब्दाचा आहे आणि तिची पूर्ण दुपार गेली.

आणि मग ऑफिसात तो घरगुती उपाय सुरू होतो, "क्लीन मारून बघ". म्हणजे आधी तयार झालेलं सगळं पुसून पहिल्यापासून बिल्ड कर. नवीन आलेल्या पोराला पहिल्या आठवड्यात कुणीतरी हे शिकवतंच. काही चालेना, क्लीन मार. विचित्र एरर आली, क्लीन मार. मला विचाराल तर क्लीन हा शब्द चॅटवर किती वेळा येतो ते मोजा, तुमच्या प्लगिनची तब्येत त्यावरून कळेल, कारण इनपुट-आउटपुट नीट सांगितलेल्या बिल्डला क्लीनची गरज जवळपास पडतच नाही. लोक क्लीन मारतात कारण त्यांचा अप-टू-डेट या शब्दावरचा विश्वास उडालेला असतो, आणि तो एकदा उडाला की तुम्ही नंतर सगळं दुरुस्त केलंत तरी लोक पुढची दोन वर्षं सवयीने क्लीन मारतच राहतात.

यातला बराचसा भाग मशीनच पकडतं हो. व्हॅलिडेट-प्लगिन्स नावाचं टास्क आहे, टास्कच्या प्रॉपर्टीला ॲनोटेशन नसेल किंवा चुकीचं वाटत असेल तर ते ओरडतं, आणि ते चेकला (सगळ्या तपासण्या एकत्र चालवणारं टास्क) जोडलेलंच असतं. तुमच्या सीआयमध्ये (कोड आला की आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणारी व्यवस्था) मात्र चेक न चालवता नुसतं टेस्ट टास्क चालवलं जातं, त्यामुळे ते बिचारं कधी उठलंच नाही. एक शब्द बदला. आणि स्ट्रिक्टर व्हॅलिडेशन चालू करा, मग ते असंही विचारतं की हे टास्क कॅश होऊ शकतं (निकाल साठवून परत वापरता येतो) की नाही ते स्पष्ट सांगा, नाही म्हणायचं तर कारणासकट.

प्रोजेक्ट बिल्डरबद्दल (टेस्टपुरता नकली प्रोजेक्ट उभा करून देणारा ग्रेडलचा क्लास) थोडं बोलायला हवं, कारण तुमच्या जवळजवळ सगळ्या टेस्ट त्यावरच आहेत. ते वाईट नाही, चटकन चालतं, प्लगिन लावला की टास्क रजिस्टर झालं का, एक्सटेंशनची (बिल्ड फाईलमधला प्लगिनच्या सेटिंगचा भाग) डिफॉल्ट किंमत बरोबर आहे का, एवढं बघायला उत्तम. पण ते टास्क चालवत नाही. खरी बिल्ड तिथे होतच नाही, सेटिंग्ज फाईल नाही, टास्क ग्राफ (कुठलं टास्क कशानंतर त्याची आखणी) नाही, कॅश नाही. काही जण टेस्टमधून टास्कची ॲक्शन मेथड थेट कॉल करतात आणि म्हणतात झाली टेस्ट. हे उंटावरून शेळ्या हाकण्यातलं आहे. मेवन या दुसऱ्या बिल्ड टूलवाल्यांकडे यासाठी जुनी चांगली पद्धत आहे, इन्व्होकर प्लगिन, एसआरसीमधल्या आयटी फोल्डरमध्ये छोटे छोटे खरे प्रोजेक्ट ठेवायचे, ते खरेखुरे बिल्ड करायचे आणि नंतर स्क्रिप्टने तपासायचं. तेच तत्त्व.

उलट एक गोष्ट तुम्ही करत नाही जी करायला हवी. टास्कच्या आत जे खरं लॉजिक आहे, म्हणजे फाईल वाचणं, नावं जुळवणं, मजकूर तयार करणं, ते ग्रेडलचा एकही इम्पोर्ट नसलेल्या साध्या क्लासमध्ये काढा. त्याच्या साध्या युनिट टेस्ट लिहा, शंभर लिहा, सेकंदात होतील. टास्क म्हणजे फक्त त्या क्लासला फायली नेऊन देणारा हमाल. मग टेस्टकिटच्या टेस्ट थोड्याच लागतात आणि त्या फक्त ग्रेडलशी असलेलं नातं तपासतात. मी हे उशिरा शिकले. माझ्या प्लगिनमध्ये एकाच टास्कमध्ये सहाशे ओळी होत्या, आत सगळीकडे प्रोजेक्ट डॉट हे, प्रोजेक्ट डॉट ते.

माझ्या पापाची गोष्ट सांगते, म्हणजे बरोबरी होईल. मला सगळ्या मॉड्यूलची यादी एका रिपोर्टमध्ये हवी होती. प्रत्येक मॉड्यूलला प्लगिन लागतो तेव्हा स्वतःचं नाव एका लिस्टमध्ये टाकतो आणि शेवटी ती लिस्ट छापायची. ती लिस्ट मी स्टॅटिक ठेवली, म्हणजे क्लास लोड आहे तोवर सगळ्यांसाठी एकच. सोपं की नाही? सीआयवर महिनाभर सुरेख चाललं. लॅपटॉपवर लोक म्हणायला लागले की रिपोर्टमध्ये प्रत्येक मॉड्यूल दोनदा येतंय, कुणी म्हणे चारदा, कुणी म्हणे माझ्याकडे सात वेळा. मी सगळ्यांना, हो, क्लीन मारून बघा म्हणाले. त्याने काही होईना तर मशीन रीस्टार्ट करा म्हणाले, आणि त्याने झालं! म्हणून मला वाटलं सुटला प्रश्न.

खरं काय तर ग्रेडलचा डीमन (मागे चालत राहणारी प्रोसेस) बिल्ड संपल्यावर मरत नाही, पुढच्या बिल्डसाठी जागा राहतो, आणि प्लगिनचे क्लास लोड केलेले असतात तेही जपून ठेवतो, म्हणजे स्टॅटिक लिस्ट मागच्या बिल्डचा माल घेऊन तशीच बसलेली. सीआयवर दर वेळी नवा कंटेनर, नवा डीमन, म्हणून तिथे प्रत्येक रन पहिलीच रन. ज्या जागी आपण सगळ्यात जास्त विश्वास टाकतो तिथे दुसरी रन कधी होतच नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. ग्रेडलने अशा कामासाठी बिल्ड सर्व्हिस दिलेली आहे, बिल्डपुरती जगते आणि बिल्ड संपली की संपते. स्टॅटिक आणि वर बदलणारं असं काहीही प्लगिनमध्ये ठेवू नका, कितीही मोह झाला तरी.

आता कॉन्फिगरेशन कॅश, म्हणजे बिल्डची आखणी साठवून पुढच्या वेळी तीच वापरणं. मला माहीत आहे हा तुमचा दुखरा भाग आहे, मागच्या मीटिंगमध्ये "पुढच्या तिमाहीत बघू" असं उत्तर मिळालं होतं, पण ग्रेडल 8.1 मध्ये 2023 साली ते स्टेबल झालं आणि 2025 मध्ये आलेल्या 9 मध्ये तर ग्रेडलने तीच पसंतीची पद्धत म्हणून जाहीर केली, तेव्हा आज ना उद्या करायचंच आहे. आणि दुसऱ्या रनचं सगळ्यात टोकाचं रूप तेच आहे, कारण तिथे दुसऱ्या वेळी तुमचा अप्लाय मेथड (प्लगिन लावताना चालणारा कोड) चालतच नाही! बिल्ड स्क्रिप्ट वाचल्या जात नाहीत, प्लगिन लावला जात नाही, मागच्या वेळी तयार झालेला टास्क ग्राफ उचलून थेट काम सुरू.

तुमच्या प्लगिनच्या अप्लायमध्ये एक ओळ आहे, बिल्ड फोल्डरमध्ये रिपोर्टसाठी डिरेक्टरी तयार करणारी. पहिल्या रनला ती तयार होते. मग कुणीतरी क्लीन करतं (करणारच), डिरेक्टरी उडते, मग पुढची बिल्ड, कॅशमधून ग्राफ सापडला, अप्लाय झालाच नाही, डिरेक्टरी नाही, टास्क पडला. एरर अशी की अमुक पाथ सापडत नाही. ज्याला हे माहीत नाही तो दिवसभर डोकं आपटेल, कारण कॅश बंद करून चालवलं की व्यवस्थित चालतं. अप्लायमध्ये काम करायचं नसतं, तिथे फक्त पुढे काय करायचंय ते सांगून ठेवायचं असतं, काम टास्कने करायचं. हे पुस्तकी वाक्य सगळे वाचतात, पण चावा बसल्याशिवाय पटत नाही.

गिटचा कमिट हॅशही (कोडच्या त्या नोंदीचा ओळख क्रमांक) तिथेच आहे. तुम्ही कॉन्फिगरेशनच्या वेळीच गिट कमांड चालवून हॅश घेता. कॉन्फिगरेशन कॅश चालू केली की असं बाहेरचं प्रोसेस सुरू केल्याची तक्रार येते. मग कुणीतरी ते प्रोव्हायडरने (गरज पडेल तेव्हाच किंमत काढणारी सोय) करतं पण लगेच तिथेच गेट म्हणून किंमत काढून घेतं, त्याने तक्रार थांबते पण प्रत्येक कमिटनंतर कॅश वाया जाते, म्हणजे दुखणं तेच, फक्त आता गुपचूप. प्रोव्हायडर तसाच, न उघडता, टास्कच्या प्रॉपर्टीला जोडून द्यायचा असतो. पार्सल आपण पोचवायचं, उघडायचं ज्याच्या नावाचं आहे त्याने.

याची टेस्टही तीच, दोनदा चालवा, दोन्ही वेळी कॉन्फिगरेशन कॅशचा फ्लॅग देऊन, आणि दुसऱ्या वेळच्या आउटपुटमध्ये एन्ट्री परत वापरली असा मेसेज आहे का बघा. आणि मध्ये एकदा क्लीन टाका. वरचा डिरेक्टरीचा बग या एका टेस्टने पकडला असता.

बिल्ड कॅशची (टास्कचे तयार निकाल मशीनांमध्ये वाटून घेणारा साठा) दुसरी रन तर वेगळ्याच मशीनवर होते. सीआयने एकदा केलेलं काम माझ्या लॅपटॉपने परत करू नये, एवढीच अपेक्षा, पण सीआयचा फोल्डर वेगळा, माझा वेगळा, आणि इनपुटमध्ये पूर्ण पाथ धरलेला असेल तर दोघांची कॅशची किल्ली कधीच जुळणार नाही. पाथ-सेन्सिटिव्ह ॲनोटेशन रिलेटिव्हवर ठेवायचं. तपासायचं कसं, तर तोच छोटा प्रोजेक्ट दोन वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, दोघांना एकच कॅश फोल्डर द्या, पहिल्यात बिल्ड करा आणि दुसऱ्यात फ्रॉम-कॅश (निकाल कॅशमधून उचलला) येतं का बघा. इथे एक खड्डा आहे ज्यात मी पडलेली आहे, टेस्टकिटच्या सगळ्या टेस्ट डिफॉल्टला एकच यूजर होम (ग्रेडल स्वतःचा साठा ठेवतो तो फोल्डर) वापरतात, त्यामुळे कालच्या टेस्टचा माल आजच्या टेस्टला फ्रॉम-कॅश म्हणून मिळू शकतो आणि टेस्ट कधी पास कधी नापास. प्रत्येक टेस्टच्या सेटिंग्ज फाईलमध्ये कॅशची जागा त्या टेस्टच्याच फोल्डरमध्ये ठेवा म्हणजे कटकट मिटली.

आणि फायलींचा क्रम! फोल्डरमधल्या फाइल्सची लिस्ट मागितली तर जावा कुठल्याच क्रमाची हमी देत नाही. एका ऑपरेटिंग सिस्टीमवर एक क्रम, दुसरीवर दुसरा, आउटपुट फाईल वेगळी, कॅश फुकट. सॉर्ट करा. विंडोजवर ओळीचा शेवट वेगळा असतो तेही धरा. यावर जास्त लिहीत नाही, एक-एक ओळीचं काम आहे.

आफ्टर-इव्हॅल्युएटबद्दल (बिल्ड स्क्रिप्ट वाचून झाल्यावर चालव असं सांगायची सोय) मात्र हात जोडून विनंती. तुमच्या प्लगिनमध्ये ते अकरा वेळा आहे, मी मोजले. प्रत्येक जण म्हणतो मला शेवटी बोलायचंय, मग आमच्या टीमच्या प्लगिननेही आफ्टर-इव्हॅल्युएट केलं तर त्याचा शेवट तुमच्या शेवटाच्या आधी की नंतर? ते प्लगिन कुठल्या क्रमाने लिहिलेत त्यावर ठरतं, आणि कुणीतरी ती यादी अल्फाबेटनुसार नीट लावली की बिल्ड मोडते. यादी नीट लावल्यावर मोडणारी बिल्ड, काय म्हणावं! किंमत नंतर ठरणार असेल तर प्रॉपर्टी आणि प्रोव्हायडर वापरा, दुसरा प्लगिन असेल तरच काही करायचं असेल तर विथ-प्लगिन वापरा, तो आधी येवो की नंतर, फरक पडत नाही. टेस्ट म्हणाल तर छोट्या प्रोजेक्टमध्ये जावा प्लगिनच्या आधी तुमचा लावून एकदा आणि नंतर लावून एकदा.

आता एरर मेसेज, आणि इथे मी वापरणारी म्हणून बोलते, लिहिणारी म्हणून नाही. तुमच्या एक्सटेंशनमध्ये सर्व्हिसचं नाव दिलं नाही तर काय येतं माहीत आहे? नल पॉइंटर, म्हणजे रिकाम्या किमतीला हात लावल्याची एरर. तुमच्या कुठल्यातरी आतल्या क्लासच्या दोनशे कितव्यातरी ओळीवर. नवीन प्रोजेक्ट सुरू करणाऱ्या प्रत्येक माणसाला हा प्रसाद मिळतो, मग तो चॅटवर विचारतो, मग तुमच्यातला कुणीतरी तेच उत्तर चिकटवतो जे गेल्या वर्षी चिकटवलं होतं. टेस्टकिटमध्ये बिल्ड-अँड-फेल आहे ना, ती बिल्ड पडलीच पाहिजे असं सांगणारी, ती वापरा आणि मेसेजमध्ये काय राहिलंय, कुठल्या फाईलमध्ये लिहायचंय हे आहे का ते तपासा. मला तर वाटतं तुमच्या चॅटवर वारंवार येणारे प्रश्न म्हणजे न लिहिलेल्या टेस्टची आयती यादी आहे.

डेव्हलपमेंट कसं करता तेही बदला जमलं तर. सध्या प्लगिनमध्ये बदल केला की मेवन लोकलला (आपल्याच मशीनवरच्या साठ्यात) पब्लिश करता, मग आमच्यापैकी कुणाच्या तरी प्रोजेक्टमध्ये स्नॅपशॉट (कच्ची व्हर्जन) लावून बघता, आणि ती मेवन लोकलची ओळ कुणाच्यातरी सेटिंग्जमध्ये तशीच राहून जाते. मग तीन आठवड्यांनी त्या मशीनवर जुना जार सापडतो आणि "माझ्याकडे तर चालतंय" सुरू. सेटिंग्ज फाईलमधल्या प्लगिन मॅनेजमेंटमध्ये प्लगिनचा फोल्डर इन्क्लूड-बिल्ड करून द्या, पब्लिश करायची गरजच नाही, प्लगिनचा कोड बदलला की पुढच्या बिल्डला तोच वापरला जातो. बिल्डएसआरसीमध्ये (प्रोजेक्टच्या आतच प्लगिनचा कोड ठेवायचा फोल्डर) टाकूया असं कुणी सुचवेल, छोट्या प्रोजेक्टला ठीक आहे, पण तिथला बदल सगळ्या बिल्ड स्क्रिप्टच्या क्लासपाथवर जातो आणि तो कोड दुसऱ्या रेपोला देता येत नाही, आपल्याकडे रेपो किती आहेत ते तुम्हाला माहीतच आहे.

व्हर्जनबद्दल, रनरला ग्रेडलची व्हर्जन देता येते, तेव्हा आपल्याकडे वापरात असलेली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात नवी अशा दोन तरी घ्या. नव्या ग्रेडलवर लिहिलेली मेथड जुन्यात नसते आणि ते कंपाईल करताना कळत नाही, चालवताना कळतं, आमच्या मशीनवर. जावाचंही तसंच, ग्रेडल 9 ला स्वतः चालायला किमान जावा 17 लागतं पण ग्रेडल 8 अजून जुन्या जावावर चालतं, आणि आपल्याकडे दोन्ही प्रकारची मंडळी आहेत.

तुमचे आक्षेप मला पाठ आहेत, मीच ते एकेकाळी घेतलेत. टेस्टकिटच्या टेस्ट स्लो असतात. हो असतात, प्रत्येक टेस्ट म्हणजे खरी बिल्ड, पण वीस-पंचवीस टेस्टची पाच मिनिटं तुमच्या सीआयवर गेली तर आमच्या सगळ्यांच्या दुपारी वाचतात. कव्हरेज (टेस्टमध्ये किती कोड चालला त्याचं माप) दिसत नाही म्हणून मॅनेजर विचारतो. बरोबर, कारण बिल्ड वेगळ्या प्रोसेसमध्ये चालते आणि कव्हरेज मोजणाऱ्याला तिकडचं काही दिसत नाही, म्हणूनच लॉजिक साध्या क्लासमध्ये काढा म्हटलं, तिथलं कव्हरेज दाखवा त्याला. डीबग करता येत नाही. येतं, रनरला विथ-डीबग द्या, बिल्ड त्याच प्रोसेसमध्ये चालते आणि ब्रेकपॉइंट लागतो, फक्त त्यासोबत एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल देता येत नाहीत, आणि तो फ्लॅग कमिट करू नका. विंडोजवर टेम्पररी फोल्डर डिलीट होत नाही कारण डीमनने फाईल धरून ठेवलेली असते, हा आक्षेप मात्र खरा आहे, त्यावर माझ्याकडे वैतागाशिवाय काही नाही.

त्या तारखेच्या फाईलचं काय करायचं तेही सांगून टाकते. लोकल बिल्डला वेळेच्या जागी एक ठरलेली किंमत टाका, खरी वेळ फक्त रिलीजच्या बिल्डला. ते नको असेल तर रनटाइम क्लासपाथच्या नॉर्मलायझेशनमध्ये ती एक फाईल इग्नोर करता येते, मग फाईल बदलली तरी टेस्ट शिळ्या होत नाहीत. दुसरा उपाय तुमच्या प्लगिननेच आमच्या वतीने लावून टाकला तर आम्हाला चाळीस ठिकाणी बदल करावे लागणार नाहीत.

हे सगळं नुसतं लिहून पाठवलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, बोलायला काय जातं. म्हणून काल रात्री तुमच्या रेपोवर एक पुल रिक्वेस्ट (हा बदल घ्या अशी विनंती) टाकली आहे. तिच्यात प्लगिनचा एकही बदल नाही, फक्त एक टेस्ट आहे, छोटा प्रोजेक्ट, तेच टास्क लागोपाठ दोनदा, दुसऱ्या वेळी अप-टू-डेटची अपेक्षा. ती लाल आहे. तशीच मर्ज करू नका, आणि कृपा करून इग्नोरचं ॲनोटेशन लावूनही मर्ज करू नका. गुरुवारी दुपारनंतर मी मोकळी आहे, कुणी बसणार असेल तर दोघं मिळून हिरवी करू.

तुमचीच,
प्लगिन वापरणारी, आणि एकेकाळी स्टॅटिक लिस्ट ठेवणारी

ता.क. रिलीज नोट एका ओळीची असू दे, हरकत नाही, फक्त त्या ओळीत कुठल्या टास्कला हात लावलाय ते लिहा.